गिरवणी

सातवीत मराठी घेणारे आता नऊ जण उरलेत.
फोन एकच. माझाच, काच तडकलेला.

धडा नकाशाचा होता. फळ्यावर मी लिहिलं:
रामबागेतली आपली शाळा,
बावीस पूर्णांक बाहत्तर उत्तर,
पंच्याहत्तर पूर्णांक शहाऐंशी पूर्व.
मग एकेकाने पडद्यावर आपलं घर शोधलं,
विभा बोट सरकवत मोठ्याने वाचत गेली:
होलकर कॉलेज. तिलक नगर.
होळकर, मी म्हटलं. टिळक.
"पण बाई, इथे तर असंच लिहिलंय."
लिहिलं होतंच. लिहिणाऱ्याचा दोष नाही,
हिंदीत तसंच लिहितात.

पण आदल्याच दिवशी ओजसने वाचलं होतं,
'नदीच्या तळाशी गाळ साचला', आणि त्याच्या तोंडून
नदीच्या तलाशी गाल साचला,
आणि वर्गात कुणीही हसलं नाही.
हसले असते तर मला इतकं लागलं नसतं.

म्हणून सगळ्यांना उन्हात काढलं.
या फोनमध्ये एक सोय आहे:
चालाल तशी तुमच्यामागे निळी रेघ उमटते.
मैदानावर ळ काढायचा. पायांनी.
आडवा आठ, त्याला एक शेंडी,
वरती शिरोरेघ, वेळ उरला तर.

पहिला ओजस. अर्धा गोल झकास,
मग निंबाखाली रेघ बिथरली,
कुंपणाची भिंत ओलांडून थेट
पलीकडच्या कचोरीच्या दुकानात शिरली.
"बाई, ओजस कचोरी खायला गेला!"
(तो निंबाखालीच उभा होता, घामाघूम.)

विभाने तीन पावलांचा ळ काढला, नेटका,
वहीत काढते तसा.
पडद्यावर नुसता एक ठिपका.
एवढ्याशा हालचालीला फोन हालचाल धरत नाही.
त्याच्या लेखी मुलगी जागची हललीच नाही.
मोठं काढा, मी ओरडले,
वीस हजार किलोमीटरवरून वाचायचंय!
हे खोटं आहे, मला ठाऊक होतं.
वरून कुणी काही वाचत नाही.
ते उपग्रह फक्त आपली वेळ सांगत राहतात,
चार दिशांनी, न थकता, वेळ, वेळ, वेळ,
आपण कुठे आहोत ते आपणच ताडायचं.

मग चेतन पाटीदार उठला, हातोदचा,
संस्कृतची तुकडी भरली म्हणून
माझ्या वर्गात आलेला.
हजेरीत त्याच्या नावापुढे मी जूनमध्ये
'मराठी येत नाही' असं लिहून ठेवलंय.
चपला काढल्या, फोन छातीशी धरला
आणि चालताना पुटपुटत राहिला. जवळ गेले तर
ळ, ळ, ळ.
स्वच्छ. जीभ टाळूला वळवून,
माझ्या आईसारखा.
कुणी शिकवलं रे?
"शिकवायचं काय त्यात, बाई? आमच्या मालवीत आहे हा.
दादी बोलेच नी, काळो, पीळो."

मी काहीच बोलले नाही. बाकीचे आठ जण
त्याच्या तोंडाकडे बघत होते,
काळो, म्हणून बघत होते,
विभाची जीभ दोनदा घसरली, तिसऱ्यांदा चिकटली.

शिरोरेघ राहूनच गेली, घंटा झाली.
चेतनचा ळ एका बाजूला कलता आहे,
उजवा गोल पाण्याच्या टाकीपाशी चेपलेला,
पण ळच आहे, आंधळ्यालाही कळेल.
फोनने विचारलं, या मार्गाला नाव काय द्यायचं?
माझी कळपाटी हिंदी. ल दाबला, ल आला.
पुसला. पुन्हा दाबला आणि
बोट उचललंच नाही,
तेव्हा त्याच्या डोक्यावर, लहानशा चौकटीत,
तो वर आला.

ओजसची रेघही मी पुसलेली नाही.
असू दे कचोरीच्या दुकानात.